ओटीपी

नंबर ह्यांचा दिलेला.
आधारला तोच, बँकेला तोच, बालवाडीपासून तोच,
म्हणून विट्यात फॉर्म उघडला
की मदुराईत फोन वाजतो.

स्वरांजली लॅपटॉपसमोर, लॅपटॉप मामाचा, बिजागरी टेपनं चिकटवलेली,
मी शेजारी, मांडीवर कुणाची तरी साडी, फॉल अर्धा लावलेला,
आणि हे भट्टीपाशी.
मूस तापलेली असली की फोन उचलत नाहीत.
दहा मिनिटांत आकडे शिळे होतात.
परत पाठवा. परत पाठवा.
तिसऱ्यांदा उचलतात, मागं तमिळमध्ये कुणीतरी ओरडतंय,
"लिव्ह. चार. शून्य. अजून एक शून्य. सात…"
मी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहिते,
दुधाच्या खाड्याशेजारी.

दाखल्यांचं माझ्याकडे.
उत्पन्नाचा, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर.
तहसीलच्या जिन्यात इतक्या वेळा बसले
की सेतूतला ढोबळे आता मला खुर्ची देतो.
एका कागदावर मी जयमाला, दुसऱ्यावर रेवती.
"ह्यातली खरी कोण, वहिनी?"
माहेरची एक, सासरची एक.
स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की दोघी एकच आहेत.

निकालाच्या रात्री ह्यांनी विचारलं, "किती टंच?"
चौऱ्याण्णव पॉइंट तीन.
"मग बावीस कॅरेटच्या वर गेली की पोरगी!"
"पप्पा, ते पर्सेंटाइल असतं,"
ती चिडली, मग हसली, मग बाथरूममध्ये जाऊन
नळ सोडून बराच वेळ आत राहिली.
सत्त्याण्णव हवे होते तिला.
मी दार वाजवलं नाही.
भाकरी थापत राहिले, नेहमीपेक्षा जोरात.

पर्याय भरायची रात्र.
तिनं पहिलं पुणे लिहिलं, दुसरं पुणे, तिसरंही पुणेच,
सांगली अकराव्या नंबरावर.
ती पाणी प्यायला उठली तेव्हा
मी माउसचा बाण सांगलीवर नेऊन ठेवला.
एसटीनं दोन तास. शनिवारी आली असती,
सोमवारी पहाटे डबा घेऊन परत.
वर ओढायला एवढंसं बोट लागलं असतं.
तिला कळलंही नसतं.
कळलं असतं.
ती आली, बघितलं, काही बोलली नाही,
बाण तेवढा हळूच बाजूला केला,
ताटावरची माशी हाकलावी तसा.

पहिल्या फेरीत सांगली लागली.
मी साखरेचा डबा काढला.
"थांब आई, बेटरमेंट घेणाराय मी."
म्हणजे काय गं?
"हातातलं धरून ठेवायचं आणि वरच्यासाठी थांबायचं."
सोळाव्या वर्षी तुझा बाप
एक ट्रंक घेऊन गलाई शिकायला गेला
तेव्हा त्याला हा शब्द कुणी सांगितला नव्हता.
हातातलं धरायलाही काही नव्हतं.
हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.
डबा परत फळीवर.

दुसऱ्या फेरीत पुणे.

आता ऑगस्ट संपत आलाय, भिंतीवर अजून जुलै.
पान उलटायला हात जातो
आणि ते आकडे दिसतात, माझ्या अक्षरातले,
केव्हाच बाद झालेले.
जाताना मी तिला सांगितलं होतं,
"नंबर तुझा घालून घे आता."
"बघते. रांग असते तिथं," म्हणाली.

काल रात्री पावणेबाराला ह्यांचा फोन.
छातीत धस्स झालं.
"काय नाही. ओटीपी आलावता, आत्ता. कॉलेजचा.
जागी हाय पोरगी.
दिला सांगून तिला. तू झोप."
"आकडा काय होता?" मी विचारलं,
आणि अंधारात पेन चाचपलं.